लष्करी अळी : औषध पोंग्यात पडू द्या

संपादक महोदय,

मक्यावर लष्करी अळी दिसली की शेतभर फवारा मारला जातो, अळी मात्र तशीच राहते. औषधाला नावे ठेवण्याआधी नोझल कुठे धरले होते ते पाहावे. मोठी झालेली अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरते आणि वर स्वतःच्याच विष्ठेचा ओलसर भुसा साचवते. पानांवरून ओघळणारे द्रावण तिथवर जातच नाही. फवारणी संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यावर धरून करावी.

खरे तर तोवर उशीर झालेला असतो. उगवणीपासून आठवड्यातून दोनदा शेत फिरून पाच जागी वीस-वीस झाडे तपासावीत. पानावर खरवडल्यासारखे पांढरट, पारदर्शक चट्टे (खिडक्या) दिसले, तर अळी अजून लहान आहे. लव चढलेले अंडीपुंज तेव्हाच चिरडावेत. एका पुंजात शंभरावर अंडी असतात. याच टप्प्यावर ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो : ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून १०० लिटर द्रावण करावे. मोठ्या अळीवर त्याचा भरवसा धरू नये.

एकाच गटाचे, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने काम करणारे, कीटकनाशक लागोपाठ मारणे तर सर्वांत वाईट; डब्यावरचे नाव बदलले तरी गट तोच असू शकतो. अळी कणसात गेल्यावर फवारणीचा खर्च बहुधा वायाच जातो.

आपला,
एक वाचक