बाबांनी ध्यानाला कसं बसावं

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ध्यानवर्गात डोळे मिटले की छाती धडधडते, घाम फुटतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. गुरुजी "मन आवरा, जमेल" म्हणतात. तुमचं मन दुबळं नाही. तुमच्यासाठी ती पद्धतच चुकीची आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा तुम्ही अंधारात, आडवे, माळवदाच्या मातीखाली श्वास कोंडून पडला होतात. वर्गातही आडवं पडायचं, डोळे मिटायचे आणि श्वासाकडेच बघायचं. शरीराला हे सगळं ओळखीचं वाटतं आणि ते पुन्हा जीव वाचवायच्या तयारीला लागतं. अशा वेळी नेट लावून बसून राहिलात तर भीती आणखी चढते.

म्हणून बसण्याची रीत बदला. दिवसाउजेडी खुर्चीत बसा, पाठ भिंतीला, दार समोर दिसेल असं. डोळे उघडे, नजर तीन-चार फुटांवर फरशीवर. लक्ष श्वासावर नको, तळपायांवर ठेवा: टाच, बोटं, फरशीचा गारवा. पायही नको वाटले तर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरा. अर्धा मिनिट पाय, मग अर्धा मिनिट खिडकीबाहेरचं झाड, पुन्हा पाय. सुरुवातीला दोनच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. लक्ष आत नेऊन हवं तेव्हा बाहेर आणता येणं, हेच कमवायचं आहे. मधेच उठावंसं वाटलं तर उठा. उठायची मुभा हा या पद्धतीचाच भाग आहे, त्यात कसली हार नाही.

कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं सध्या पूर्ण बंद. जोरजोरात श्वास घेतला की धडधड आणि चक्कर येते, आणि शरीर तिलाच भीती समजतं. श्वासाचं काही करायचंच असेल तर तीन आकडे आत, पाच आकडे बाहेर, असं पाच-सहा वेळा. अस्वस्थ वाटलं की थांबायचं.

आई, आता तुझ्यासाठी. धडधड तुला दिसेल, पण दुसरा प्रकार सहज निसटतो. बाबा एकटक बघत राहतात, हाकेला उशिरा ओ देतात, चेहरा उतरतो, नंतर "किती वेळ गेला कळलंच नाही" म्हणतात. वर्गात याला खोल ध्यान लागलं म्हणतील. बाबांच्या बाबतीत ते बहुधा सुन्न होणं आहे. तेव्हा मागून खांद्यावर हात ठेवू नकोस. समोर ये, "अहो" म्हणून हाक मार, आजचा वार आणि आपण कुठे आहोत ते सांग. उभं करून चार पावलं चालव, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लाव. त्या दिवशी पुन्हा बसवू नकोस.

शेजारचे काका दहा दिवसांच्या मौन शिबिराला चला म्हणतायत, ते आत्ता नको. तिथे दिवसभर स्थिर बसायचं असतं आणि घरच्यांशी बोलता येत नाही. पुढे कधी जायचं झालं तर डॉक्टरांना विचारून, आणि फॉर्मवर आजार, गोळ्या सगळं खरं लिहून.

ध्यानानं बरं वाटायला लागलं तरी गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. ध्यान हा उपचारातला एक भाग, मूळ काम समुपदेशनाचंच. लातूरच्या डॉक्टरांना एवढं विचारा: आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणींवर करायचा उपचार) इथे कोण करतं? गणपती उठले की भूकंपाच्या आठवणीनं तुमची झोप उडते, म्हणून ऑगस्टमध्येच वेळ घ्या. रात्री-अपरात्री फार घाबरायला झालं तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

हे पत्र गुरुजींनाही वाचायला द्या. बाबांना दाराजवळची खुर्ची आणि उघडे डोळे चालतील का, ते विचारून आई, मला कळव.

तुमची,
ताई