उंबराखालचं पाणी

लांजा तालुका,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल पऱ्यावरचा, म्हणजे आपल्या ओढ्यावरचा, बंधारा पुरा झाला. फोन करणार होते, पण फोनवर आई गुडघ्याचं बोलते, बाबा औषधांचं, आणि मी "इकडे सगळं बरं आहे" म्हणून ठेवून देते. चार वर्षं हेच चाललंय. म्हणून आज कागद घेऊन बसले. बाबांनी हे आईला मोठ्याने वाचून दाखवावं, आणि मधलं काही गाळू नये.

बंधारा म्हणजे वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा. घर बांधताना उरलेल्या गोण्या तुमच्या जावयांनी धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवल्या होत्या, बाकीच्या वाडीतून गोळा केल्या. २४० गोण्या लागल्या. पऱ्यातलीच वाळू-माती फावड्याने भरायची, दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवायचं, आणि चिरा लावतो तसे सांधे मोडत एकावर एक रचायच्या. वाडीतली नऊ माणसं मदतीला आली. मधली दीड हात जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवतात, नाहीतर काम चालू असतानाच पाणी रचलेलं ढकलून देतं. दुपारी तीनच्या सुमारास ती जागा बुजवली. मी काठावर बसून बघत होते. वाहत येणारी वाळकी पानं गोण्यांपाशी येऊन थांबली, जरा वेळ एका जागी फिरली, आणि मग हळूहळू उलट्या दिशेला सरकायला लागली. सोनू ओरडला, "आई, पाणी मागे चाललं!" संध्याकाळपर्यंत पाणी त्या काळ्या दगडाला टेकलं होतं. आई, तू ज्याच्यावर कपडे आपटायचीस तो दगड. अजून तिथेच आहे, मधोमध झिजलेला.

त्या दगडापाशी मला सगळं आठवलं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप लागला आणि आपण खोलीला कुलूप लावून गावी आलो, तेव्हा मी चार वर्षांची होते. दोन उन्हाळे काढले आपण इथे. एप्रिल लागला की वाडीची विहीर तळ गाठायची. तू अंधारात उठून झऱ्यावर जायचीस, वाटीने पाणी खरवडून हंडा भरायचीस. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि वर यायला पाखाडीच्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. मी तुझ्या मागे तांब्या घेऊन यायची आणि निम्मा सांडायची. तू एकदाही रागावली नाहीस, फक्त एवढंच म्हणालीस की माझ्या पोरीला मी या पाण्याला जुंपणार नाही.

मग आम्ही इथे यायचं ठरवलं तेव्हा तू महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाहीस. "एवढं शिकवलं ते शेणात हात घालायला का?" असं म्हणालीस. मला तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, तू शेणाला घाबरत नव्हतीस, त्या हंड्याला घाबरत होतीस. तर आई, ऐक. तो हंडा आता उतरला आहे. मागीलदारी नळ आहे, आणि गेल्या वर्षी तो मे महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालला.

यात बाबांचं ऋण आहे, आणि आमची चूकही. पहिल्या वर्षी आम्ही वर सड्याकडच्या, कातळाच्या माळाकडच्या बाजूला बोअर मारली. ज्यांनी जागा दाखवली त्यांनी खात्री दिली होती. २८० फूट गेलो. आधी जांभ्याचा तांबडा धुरळा, मग काळ्या पाषाणाचा करडा धुरळा, आणि शेवटपर्यंत धुरळाच. पाऊण लाख रुपये गेले. बाबा तेव्हा फोनवर म्हणाले होते, "उंबर आहे तिथे खणा, आमची आजी तिथलं पाणी सांगायची." आम्ही ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी ऐकलं. हातानेच खणली विहीर, चौघांनी, सत्तावीस दिवस. १९ फुटांवर शेडी लागली, ती गुलाबी-पांढरी चिकट माती, आणि तिच्या वरच्या अंगाने पाणी पाझरायला लागलं. २४ फुटांवर थांबलो.

आता कळतं ते असं. आपला जांभा म्हणजे जाळी आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तरी तो सड्यावर थांबत नाही, जांभ्यातून गळून खाली जातो. खाली शेडी त्याला अडवते. मग ते पाणी शेडीवरून सरकत उताराला येतं आणि झऱ्यातून, पऱ्यातून निघून जातं. म्हणजे ते वर शोधायचं नाही, खाली जाताना धरायचं. पणजीला हे नुसतं झाडाकडे बघून माहीत होतं. बंधारा घातला की पऱ्यातलं अडलेलं पाणी आजूबाजूला मुरतं आणि विहिरीची पातळी टिकते. गेल्या वर्षी बंधारा नोव्हेंबरच्या शेवटी झाला, तेव्हा निम्मं पाणी वाहून गेलं होतं. यंदा दोन आठवडे आधी जमलं.

भाताचं सांगते, बाबा वाट बघत असतील. यंदा २२ गुंठ्यांत ५ क्विंटल ३० किलो भात झालं. पहिल्या वर्षी १ क्विंटल ८० किलो झालं होतं, तेव्हा बाबा काही बोलले नव्हते. यंदाच्यातून साडेतीन क्विंटलच्या आसपास तांदूळ होईल, म्हणजे आम्हा तिघांचं वर्ष पाहुण्यांसकट निघेल. भाताच्या दोन कुणग्यांत पेजेचा लाल तांदूळ लावला होता, बियाणं खालच्या वाडीतल्या आजींनी दिलं. आईसाठी वेगळा काढून ठेवलाय.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की नांगर न फिरवता भात होतो कसा. चार गुंठ्यांत करून बघितलं. नेरळच्या सगुणा बागेतून निघालेली ही पद्धत, तिला एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, म्हणतात. एकदाच गादीवाफे करायचे, मग दरवर्षी तेच वापरायचे. लोखंडी साच्याने वाफ्यावर भोकं पाडायची, भोकात दोन-तीन दाणे आणि चिमूटभर खत. तरवा नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं उपटायची नाहीत, जमिनीतच कुजू द्यायची. आमचं हे दुसरं वर्ष. परवा मी मुद्दाम गेल्या वर्षीचा एक बुडखा उकरून पाहिला. हातात आला तो चहाच्या चोथ्यासारखा काळा भुगा, त्यात केसासारखी बारीक मुळं आणि मुळांच्या पोकळीतून गेलेली दोन गांडुळं. शेजारच्या नांगरलेल्या कुणग्यातलं ढेकूळ मात्र विटेसारखं घट्ट. त्या चार गुंठ्यांत १०५ किलो आलं, बाकी १८ गुंठ्यांत ४२५. म्हणजे गुंठ्यामागे अडीच किलोंच्या जरा वर फरक, फार नाही. आणि तण जास्त येतं. त्यावर तणनाशक मारतात, ते आम्हाला नको होतं, म्हणून तीन वेळा हाताने बेणलं. लावणीत वाचलेली कंबर बेणणीत गेली, हे खरं आहे. तरी पुढच्या वर्षी आणखी चार गुंठे करणार. ती माती हातात घेतल्यावर मागे फिरावंसं वाटत नाही. तुम्ही येऊन एकदा ती हातात घ्या, मग सांगा.

भात पोसवलं तेव्हा डुकरं आली. आम्ही दोघं आळीपाळीने शेतातल्या माळ्यावर झोपलो, १९ रात्री. डबा वाजवला की पळायची आणि तासाभराने दुसऱ्या बाजूने यायची. एक कुणगा निम्मा गेलाच. वानरांनी तवशी ठेवली नाहीत, मांडवावरची पडवळं मात्र वाचली. वाडीत कितीतरी लोकांनी याच कारणाने शेती टाकली. पडलेल्या जमिनी बघून पूर्वी मला त्यांचा राग यायचा, आता येत नाही. मुलं मुंबईत, घरात दोन म्हातारी माणसं, त्यांनी रात्री डबे कसे वाजवायचे?

नाचणी ४० किलो, कुळीथ अजून शेतात आहे. भात निघाल्यावर ओलीवर वाल आणि चवळी टाकली. वालाचं बी तू सांगितलंस तसं राखेत घोळून बाटलीत ठेवलं होतं, एक दाणा किडला नाही. वरकसात काजूची ६० कलमं आहेत, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. मोहोर धरतील असं वाटतंय. जानेवारीत त्यांच्याभोवतीचं गवत कापून जाळरेषा काढायची आहे, कारण मागच्या वर्षी वणवा आपल्या गडग्यापर्यंत येऊन थांबला. कोकमाचं सांगायचं तर मेच्या शेवटी पाऊस लवकर आला आणि आमसुलांसाठी आगळाची पुटं द्यायला ठेवलेल्या निम्म्या सालींना बुरशी आली. तू म्हणाली होतीस, पहिलं पूट उन्हात कडक झाल्याशिवाय दुसरं घालू नकोस. मी घाई केली.

तेल, साखर, चहा, तूरडाळ, गहू, कांदे हे सगळं अजून बाजारातूनच येतं. आणि पैसा शेतातून येत नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगितलेलं बरं. जावयांचं हिशेब लिहायचं काम चालू आहे, त्यावर घर चालतं. रेंज नसली की ते लॅपटॉप घेऊन सड्यावर जाऊन बसतात. पण ताटातला भात, भाकरी, पिठी, भाजी आणि गौरीचं दूध आपलं आहे. गौरी कोकण कपिला जातीची, लहानखुरी, दोन लिटरच्या वर देत नाही. तरी ज्या उन्हात दुसरी गाय धापा टाकते त्यात ती चरत असते.

आता घर. जुनं घर पडलं होतं, पण जोतं शाबूत होतं, तुळशीवृंदावनही. त्याच जोत्यावर भिंती उभ्या केल्या, चिऱ्याच्याच. वानरांपायी वाडीत बहुतेकांनी पत्रा घातलाय. आम्ही माजघरावर कौलं ठेवली आणि पडव्यांवर पत्रा घातला, कारण कौलांखाली मे महिन्यातही बसवतं. आईची चूल होती तिथेच चूल आहे, गॅस तिच्या शेजारी. ओटीला लागून एक खोली काढली आहे, ती तुमची. संडास-न्हाणी खोलीतच, बसायचं भांडं उंच, भिंतीला दोन्ही बाजूंनी दांडा. उंबरठा ठेवलेला नाही. सुतार म्हणत होते, उंबरठ्याशिवाय खोली बरी दिसत नाही. मी म्हटलं, माझ्या आईला पाय उचलायला त्रास होतो.

बाबा, एक गोष्ट तोंडावर कधी बोलले नाही. मुलीला हिस्सा मिळतो हे आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशाच्या कायद्यात २००५ पासून लिहिलेलं आहे. पण कायद्यात असलेलं देणारे बाप मी फार बघितले नाहीत. तुम्ही भावकीसमोर बसून म्हणालात, "कसणार ती, मग नाव तिचंच." सातबाऱ्यावर माझं नाव आलं त्या दिवशी मी तो कागद घेऊन उंबराखाली जाऊन बसले होते. तिथे विहीर खणायची हे अजून ठरायचं होतं.

तर आता माझं मागणं. दोन-चार दिवसांसाठी नको, डिसेंबरात या आणि शिमगा करून जा. अकरा वर्षं पालखी आपल्या बंद घरासमोरून पुढे जात होती. मग आम्ही भाड्याच्या खोलीत होतो, तेव्हाही खळं दुसऱ्याचं होतं. यंदा ती आपल्या खळ्यात थांबेल. तिची ओटी आईने भरावी, मी भरणार नाही. आणि पालखी खांद्यावर घेता येत नसेल तर बाबांनी नुसता हात लावावा.

डोंबिवलीहून दिव्याला यायचं आणि तिथून सावंतवाडीची गाडी धरायची, विलवड्याला उतरायचं. तिकिटं जावई काढतील, तुम्ही रांगेत उभे राहू नका. औषधं तीन महिन्यांची घ्या, इथे सगळी मिळत नाहीत. आईने गुडघ्याचा पट्टा विसरू नये. पीठ, तांदूळ, पापड काही आणू नका. पाखाडीची काळजी करू नका. वरच्या अंगाचा गडगा फोडून गाडीवाट केली आहे, रिक्षा थेट खळ्यात येते.

तुमची,
ताई

ता. क. सोनूला आजीकडून घावणे शिकायचे आहेत. जातं धुऊन ठेवलंय, पण त्याचा खुंटा सैल झालाय, तो बाबांनी आल्यावर बसवावा.