पाद्रीला बोलावलं म्हणून रागावलेल्या लेकीस

शिवोली,
28 जून

बाये,

परवा तू फोन आपटलास. मोबाईल आपटता येत नाही, पण आवाजावरून कळायचं ते कळलं. "तेल लावायला पाद्री बोलावलात म्हणजे तुम्ही शापायची आशा सोडलीत," असं आजोबाबद्दल म्हणालीस आणि मी गप्प बसले. फोनवर मला काही सुचत नाही. शिवाय रागावायला मला सावंतवाडीच्या शाळेतली मराठीच बरी पडते, तेव्हा कंटाळा न करता शेवटपर्यंत वाच.

आधी शापायची खबर. ताप उतरला, काल ऑक्सिजन काढला. पेजेबरोबर खारा बांगडा मागतोय आणि डॉक्टर नको म्हणतात, त्यावरून वॉर्डात रोज भांडण. छातीत घरघर अजून आहे. वय 86. तू तिकडे आयर्लंडात नर्स, तुला मी काय वेगळं सांगणार.

आता तेलाचं, म्हणजे पाद्री आजाऱ्याला पवित्र तेल लावतात त्या संस्काराचं. फादरना आम्ही आमच्या मनानं बोलावलं नाही. शापायनंच मागून घेतलं. तुझे पप्पासुद्धा आधी बिथरले, "म्हातारा धसका घेईल" म्हणाले. शापाय लहान असताना त्याच्या आईला तेल लावलं, ती हकिगत तू दहा वेळा ऐकली आहेस. ती शुद्धीवर नव्हती. पाद्रीनं लॅटिनमध्ये पुटपुटत डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय, सगळ्यांना तेल लावलं, आणि घरातल्या बायकांनी तिथेच हंबरडा फोडला. पाद्री दारात म्हणजे पेटी करणारा मागोमाग, असा तो काळ.

पण तो काळ गेला, बाये. व्हॅटिकनच्या परिषदेनं 1963 सालीच सांगितलं की हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेसाठी नाही. 1972 साली सहाव्या पॉल पोपनी नवा विधी दिला. दुखणं गंभीर असलं, मोठं ऑपरेशन व्हायचं असलं, म्हातारपणानं माणूस खचला असला, तरी घेता येतो. बरा होऊन पुन्हा आजारी पडला तर पुन्हा. मरणाऱ्याचा म्हणून जो असतो तो शेवटचा कुमगार, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, वाटेची शिदोरी म्हणून दिलेला. शापायची ती वेळ आलेली नाही. याकोबाच्या पत्रात 5व्या अध्यायात लिहिलंय, कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आजारी, इतकंच. मेलेला नव्हे.

बघ, झाला माझा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू. मुलंही अशीच खिडकीबाहेर बघायला लागतात. माफ कर.

तू नव्हतीस म्हणून फक्त काय झालं ते सांगते. सांजावाची, म्हणजे सेंट जॉनच्या सणाची संध्याकाळ. फादर अगदी तरुण, छत्री गळत होती, ती कुठे ठेवावी हेच त्यांना कळेना. आधी त्यांनी शापायच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अंगठ्याएवढी डबी उघडली. आत तेलात भिजवलेला कापूस. कपाळाला लावलं, मग हात मागितले. शापायनं तळवे उताणे केले. जन्मभर पावाच्या भट्टीपुढे काढलेली ती कातडी तुला माहीत आहे, भाजल्याचे वण एकावर एक. फादरांचा अंगठा तिथे थबकला. त्यांना वाटलं जखम आहे. "दुखता?" त्यांनी विचारलं. शापाय म्हणाला, "पोदेराचे हात हे, दुखतले कित्याक?" आणि हसला. ॲडमिट झाल्यापासून पहिल्यांदा हसला. खालच्या रस्त्यावरून पोरं घुमट वाजवत "वीवा सांजांव" ओरडत चालली होती, तर म्हणतो, मला कोपेल आणून द्या. फादर गेल्यावर पप्पा खरंच खाली जाऊन कुणाच्या तरी डोक्यावरचा फुलांचा कोपेल मागून घेऊन आले. सिस्टर रागावली. तू असतीस तर तूही रागावली असतीस, पावसात भिजलेली फुलं आजाऱ्याच्या उशाशी.

धसका घेतलेला माणूस असा वागतो का?

तू लहानपणी मिलाग्रीच्या फेस्ताला मला विचारलं होतंस, सायबिणीला, मरियामातेला, तर हिंदू बायकाही तेल आणतात, मग पाद्रीच्या तेलात वेगळं काय? तेव्हा म्हापशाच्या गर्दीत मी तुला गप्प केलं. त्या तेलात वेगळं काही नसतं. ऑलिव्हचं, नाही मिळालं तर दुसरं कुठलंही झाडाचं. पवित्र आठवड्यात बिशप ते आशीर्वादित करतात आणि मग ते गावोगावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पोचतं. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस आणि माणसाचा हात, एवढंच इगर्जीचं सामान. मला तरी त्यातच सगळं आलं असं वाटतं. नगरची माझी मैत्रीण दोनच संस्कार मानते, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. तिच्याशी मी वाद घालत नाही. आपले सात 1547 साली ट्रेंटच्या परिषदेत पक्के झाले, पण आजाऱ्याच्या कपाळाला हात लावणं त्याहून फार जुनं.

तू मिस्साला, चर्चच्या उपासनेला, जातेस का, हे मी विचारणार नाही. ठरवलंय तसं.

त्या पाद्रीनं तुला चारचौघांत जे ऐकवलं ते मीही विसरलेले नाही. तेव्हापासून तू कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेली नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण देणारा कसा आहे यावर संस्कार अडत नाही. संत ऑगस्टीननं दोनातवाद्यांशी, म्हणजे पापी पाद्रीनं दिलेला संस्कार खोटा मानणाऱ्यांशी, याच गोष्टीवर वाद घातला होता: बाप्तिस्मा कुणाच्याही हातून होवो, देणारा ख्रिस्तच. नाहीतर सगळे पाद्री आधी तपासून घ्यावे लागले असते आणि आपलं कुणाचंच काही झालं नसतं. तिकडे दुसरे फादर असतील. रविवारी ड्युटी असली तर शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते. हे विचारणं नव्हे, नुसती माहिती.

खरं सांगू? फेब्रुवारीत तू न्यूमोनियानं पडलीस आणि आम्हाला बरी झाल्यावर कळवलंस. मी तेव्हा काही बोलले नाही. त्या खोलीत तुझ्या कपाळाला हात कुणी लावला, हे डोक्यातून जात नाही. शापायला तेल लावताना मी तुझाच विचार करत होते. त्याच्याभोवती आम्ही पाचजण होतो.

आणि तू म्हणतेस, "मम्मी, ही सगळी नाटकं." मग त्या रात्रीचं काय? गेल्या वर्षी तूच सांगितलंस, कपडे वाळत घालता घालता, अगदी सहज. सातव्या महिन्यातलं बाळ, काचेच्या पेटीत, डॉक्टरांनी हात टेकलेले, पाद्री यायला तास लागणार, आणि आई नुसती रडतेय. तू सिरिंजमध्ये पाणी घेतलंस, थेंब थेंब त्या मुठीएवढ्या डोक्यावर सोडलंस आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा दिलास. अडीअडचणीला कुणीही देऊ शकतं, इगर्जीचा जो हेतू तो मनात असला की हिंदू नर्ससुद्धा. हे मीच तुम्हाला वर्गात शिकवलं होतं आणि तू मागच्या बाकावर चिंचा खात होतीस. पण लक्षात ठेवलंस. ते ऐकून मी आत जाऊन रडले आणि बाहेर येऊन तुला विचारलं, चिमटे पुरले का. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पप्पांनाही नाही. वर्गात सांगावंसं फार वाटतं. त्यासाठी तुझी परवानगी हवी.

तेव्हा नाटक वाटलं होतं का तुला? उत्तर नको देऊस. शनिवारची मिस्सा मात्र लक्षात ठेव.

आत्या विचारते, ख्रिसमसला येणार की नाही, तिकिटं महाग व्हायच्या आत कळव. शापायला रोज एक फोन कर, त्याला ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोल. पप्पांवर रागावू नकोस, तो कोपेल मागायला ते भर पावसात गेले होते.

आणि त्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं ते कळव. नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सासाठी इगर्जीत नावं घेतात, त्या यादीत मला ते द्यायचंय. हॉस्पिटलच्या नियमात बसत नसेल तर राहू दे. मी नुसतं "आयर्लंडचं बाळ" लिहीन, फादरना काय ते मी समजावते.

तुझी मम्मी