रहस्यकथांना रद्दीचा भाव नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत डिसेंबरअखेर वर्षभरातील वाचनीय पुस्तकांचे पान आले. आत्मचरित्रे आली, वैचारिक ग्रंथ आले, ऐतिहासिक कादंबऱ्याही आल्या. रहस्यकथा मात्र एकही नाही, जादू-चमत्कारांची अद्भुत कादंबरी एकही नाही. मी गेले वर्षभर याच दोन प्रकारच्या कादंबऱ्या वाचल्या. एकूण ४१. वहीत नोंद आहे. म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

शिवाजी उद्यमनगरात ३२ वर्षे मी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम केले. गुडघे बोलायला लागले तसे काम सोडले. वाचनाला सुरुवात झाली ती एका रद्दीच्या दुकानात. कुठल्याशा वाचनालयाने जुनी पॉकेट बुके किलोवर घातली होती, दोरी बांधलेले गठ्ठे दारातच पडले होते. सगळ्यात वरचे पुस्तक बाबूराव अर्नाळकरांचे. मुखपृष्ठ केव्हाच गेलेले, कुणीतरी खाकी कागद घालून जाड दोऱ्याने शिवलेले, वर निळ्या शाईत ‘झुंजार’. आत तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी गच्च भरली होती. जागा उरली नाही म्हणून तिच्याखाली खळीने दुसरी चिकटवलेली. तीही भरलेली. हे पुस्तक कुणी वाचत नाही असे कोण म्हणेल?

अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. सगळ्याच उत्तम उतरल्या असे मी म्हणणार नाही, काहींत घाई कळते. पण आमच्या कारखान्यातले दोन मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, जेमतेम चौथी झालेले, जेवणाच्या सुट्टीत झुंजार आणि काळापहाड या अर्नाळकरांच्या नायकांच्या कथा वाचता वाचताच सलग वाचायला शिकले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

यंदा सर्वांत आवडली ती अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, १९२६ सालची. मुलीने आणून दिली. इंग्रजी असल्याने शब्दकोश शेजारी ठेवून वाचावी लागली, २२ दिवस लागले. पॉइरो नावाचा नामांकित गुप्तहेर निवृत्त होऊन खेड्यात भोपळे पिकवायला आलेला असतो आणि गावातल्या खुनामुळे त्याला पुन्हा कामाला लागावे लागते. उलगडा झाला त्या रात्री मला झोप आली नाही. शेवट सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांचा घास हिरावून घेतल्यासारखे होईल. पण दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पानापासून परत बसलो, कारण बाईंनी आपल्याला फसवले अशी माझी खात्री झाली होती. वाक्य न् वाक्य तपासले. खोटे एकही सापडले नाही. सगळे समोरच मांडलेले होते, मीच त्याच्यावरून पुढे गेलो होतो. बुश, म्हणजे धातूची नळी, शाफ्टच्या दांड्यावर बसवताना जरा सैल झाला तरी हाताला कळते. इथे कुठेही सैल नाही. अशी फिटिंग जमायला काय लागते ते आम्हा टर्नर लोकांना विचारा.

अद्भुत कादंबऱ्यांबद्दल माझा समज होता की तिथे काहीही चालते. तो उर्सुला ले गुइनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ने (१९६८) मोडला. ही आम्ही बाप-लेकीने मिळून वाचली. जुलैचा पाऊस, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे चढत होती, गल्लीत सगळे फोनवर पाण्याचाच आकडा विचारत होते आणि घरात मुलगी एकेक पान वाचून मला मराठीत सांगत होती. गेड नावाचा पोरगा जादू शिकायला जातो. गुरू त्याला खड्याचा हिरा करून दाखवतात, पण तो नुसता भास. खडा खरोखर बदलायचा तर त्याचे खरे नाव बदलावे लागते, आणि एक खडा बदलला तरी साऱ्या जगाचा तोल ढळतो. गेड हट्टाला पेटून नको ते करून बसतो आणि एक सावली त्याच्या मागे लागते. तो पळायचे थांबून उलट तिच्याच मागे लागतो, तिथे मुलीचा आवाज बदलला. आम्ही चहा ठेवायचे विसरलो.

सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’त (१९७१) हे दोन्ही प्रकार हातात हात घालून येतात. गेल्या जन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणारा लहान मुलगा, आणि त्याच्या मागावरच्या भामट्यांना शोधत राजस्थानात पोचलेला गुप्तहेर फेलुदा. फेलुदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत, घरातल्या शाळकरी मुलांना जरूर द्याव्यात. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची भीती मात्र मला रात्री झेपत नाही, ते दुपारी वाचतो.

‘हे काही साहित्य नव्हे’ असे म्हणणाऱ्यांना माझे एकच विचारणे आहे. आपल्या कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आपण डोक्यावर घेतो. मराठीला पहिले ज्ञानपीठ तिनेच मिळवून दिले. तिच्यात शाप आहे, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या आहे, मुलाचे तारुण्य बापाला मिळते. तिथे अद्भुत चालते, मग इतरत्र नाक का मुरडायचे? मराठीतली पहिली समजली जाणारी कादंबरी ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. त्यानंतर चारच वर्षांनी ‘मुक्तामाला’ आली, पुढे १८६८ मध्ये ‘मंजुघोषा’. मराठी कादंबरी नीट चालायला लागण्याआधीच तिने अद्भुताचे बोट धरले होते. आणि आपले करवीर नगर वाचन मंदिर तर त्याही आधीचे, १८५० चे. ज्या गावाला एवढी जुनी वाचनाची सवय आहे, तिथे ही पुस्तके किलोवर जाताना पाहून पोटात तुटते.

पुढच्या डिसेंबरच्या पानावर या कादंबऱ्यांसाठी निदान एक रकाना ठेवावा ही विनंती. आणि ज्या ग्रंथालयांत जुन्या रहस्यकथा काढून टाकायच्या असतील, त्यांनी रद्दीवाल्याला बोलावण्याआधी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात निरोप ठेवावा. टेम्पो घेऊन मी स्वतः येईन. फाटलेली असली तरी चालतील, दोरा-सुई आणि खळ घरात आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर