तो एक कागद परत पाठवलात म्हणून

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुम्ही करून दिलेल्या बियांच्या कार्डांबद्दल आभाराची माझी इंग्रजी चिठ्ठी तुम्हाला पोचली आहे, पण मनात होतं त्यातलं निम्मंही तिच्यात उतरलं नाही. म्हणून आता मराठीत लिहिते आहे, आणि चार लोकांसमोर लिहिते आहे. माझी लेक तुम्हाला वाचून समजावून सांगेल.

आई फेब्रुवारीत गेली. तिच्या आजारपणात वेल्समधल्या आमच्या स्वान्झीच्या गल्लीतले शेजारी, घरी येणाऱ्या नर्स, दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाई, सगळ्यांनी आमच्यासाठी इतकं केलं की नुसत्या 'थँक यू'वर भागवणं मनाला पटेना. आईला झाडापानांचं वेड. म्हणून कागदाच्या लगद्यातच बी घातलेली, पेरता येतील अशी कार्डं द्यायची ठरवली. तेव्हा तुमचा पत्ता हाताशी नव्हता, त्यामुळे एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडे ऑर्डर दिली. हवं ते फूल, हवा तो मजकूर, जगात कुठेही पाठवा, अशी त्यांची जाहिरात. आम्ही फूल सांगितलं, आईचं नाव नीट लिहून पाठवलं. आलं काय, तर हत्ती, कमळ, वर सोनेरी ॐ, आणि आईचं नाव चुकलेलं. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की भारतीय ग्राहकांना हेच डिझाइन आवडतं. दुरुस्त करून दुसरा गठ्ठा पाठवला, त्यात नाव आणखी वेगळ्या तऱ्हेने चुकलेलं. एक कार्ड कुंडीत पुरून पाहिलं. कागद कुजला, कोंब काही आला नाही. जिला जाऊन महिनाही झाला नव्हता, तिच्या नावाची अशी हेळसांड बघून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्या माणसांना मी अजून माफ केलेलं नाही.

मग कार्मार्थनच्या बाजारात अशी कार्डं हाताने करून विकणाऱ्या तुम्ही आठवलात. गेल्या वर्षी तुमच्या टेबलाशी आई बराच वेळ थांबली होती. तुम्ही पांढऱ्या क्लोव्हरचं, त्या तीनपानी रानफुलाचं, कार्ड तिच्या हातात दिलंत आणि जुन्या वेल्श कथेतल्या ओल्वेनची गोष्ट सांगितलीत. ती चालली की प्रत्येक पावलामागे चार पांढरी क्लोव्हर उगवायची. मी मराठीत सांगत होते, आणि आई मधेच म्हणाली, "अगं, ही तर आमची गौरच! पावलं उमटवत येते." मग गौरीची पावलं दारापासून देवघरापर्यंत कशी काढतात ते तिने तुमच्या टेबलावर बोटाने काढून दाखवलं. तुम्ही तुमची कार्डं बाजूला सारून तिला जागा करून दिलीत. बाजार भरात होता, मागे गिऱ्हाईक उभं होतं, तरी तुम्ही तिला घाई केली नाहीत.

बाजारातल्या एका बाईंकडून तुमचा नंबर मिळाला. मी फोन केला तर तुम्ही आधी हळहळलात, आणि मग आईला कुठलं फूल आवडायचं ते विचारलंत. मी तेरड्याचं सांगितलं. चिपळूणला आमच्याकडे गौर तेरड्याचीच. ओढ्याकाठचा तेरडा मुळासकट आणायचा, त्यालाच साडी नेसवायची. इथे टावे नदीच्या काठाने फिरताना आईला पुरुषभर उंचीचा गुलाबी तेरडा दिसला तेव्हा तिला केवढा हर्ष झाला होता. पिकलेल्या बोंडाला चिमटा घेतला की फट्कन फुटून बिया उडतात, तेही अगदी आपल्यासारखंच. तुम्ही हसलात आणि मग खरं ते सांगितलंत. हा हिमालयातला तेरडा १८३९ साली बागांसाठी इथे आणला गेला. त्याची बोंडं सात मीटरपर्यंत बिया फेकतात. त्याने नद्यांचे काठ गिळले, आता स्वयंसेवक दर उन्हाळ्यात तो उपटत फिरतात, आणि रानात लावणं तर कायद्याने गुन्हा. "याचं बी मी कार्डात घालू शकत नाही," असं स्वच्छ सांगितलंत. चिपळूणच्या नातेवाइकांसाठीची कार्डंही बिनबियांची करून दिलीत, कारण प्रमाणपत्राशिवाय बी भारतात पाठवता येत नाही. 'जगात कुठेही'वाल्यांना हे माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

तेरड्याऐवजी तुम्ही मेडोस्वीट सुचवलंत. ओलसर कुरणात, ओढ्याकाठी साईच्या रंगाचे फेसाळ तुरे येतात ते. ओक, ब्रूम नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप आणि मेडोस्वीट या तिन्हींची फुलं घेऊन माथ आणि ग्विदियन या जादूगारांनी ब्लोडायवेद नावाची स्त्री घडवली, ही तुमची जुनी वेल्श कथा. पुढे तिचं घुबड होतं, तो भाग आभाराच्या कार्डावर तुम्ही आणला नाहीत, तेही बरं केलंत. मला जास्त भिडलं ते तुम्ही फोनवर सांगितलेलं. ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत व्हान व्होएलच्या माथ्यावर कांस्ययुगातली, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची दफनाची जागा उकरली, तेव्हा तिथे मेडोस्वीटचे परागकण सापडले. कुणीतरी आपल्या माणसाला निरोप देताना ही फुलं ठेवली होती. माझ्या आईसाठी हे फूल निवडताना तुम्ही तेवढा विचार केला होता.

नर्ससाठी तुम्ही वेगळं कार्ड केलंत. त्याच डोंगररांगेतल्या लिन अ व्हान व्हाख तळ्यातून आलेल्या बाईच्या गोष्टीचं. नवऱ्याने विनाकारण तीनदा मारलं म्हणून ती गुरंढोरं घेऊन तळ्यात परतली, पण मुलांना औषधी वनस्पती शिकवायला पुन्हा वर आली. तिच्या लेकाच्या, रिवालॉनच्या घराण्यात मिद्वाय गावचे वैद्य झाले, अशी आख्यायिका. रिवालॉन मात्र खरा होऊन गेला, १३व्या शतकात, आणि वैद्यकी मिद्वायमध्ये १८व्या शतकापर्यंत चालू राहिली. आमच्याकडे येणाऱ्या एका नर्सने ते कार्ड पेरलंच नाही. फ्रिजवर लावून ठेवलं आहे.

हे सगळं झालं तुमच्या कामाबद्दल. पण मी पत्र लिहायला बसले ते एका कागदासाठी.

घरातला काही कागद असला तर लगद्यात मिसळते, असं तुम्ही म्हणाला होतात. मी कालनिर्णयची जुनी पानं पाठवली, आणि आईने लोणच्याच्या बरण्या ज्यांत गुंडाळून आणल्या होत्या ती चिपळूणची वर्तमानपत्रं. त्यांच्या घडीत आईच्या हातचा एक कागद होता, तो घरात कुणालाच माहीत नव्हता. आठवड्याभराने तुमचं पाकीट आलं. आत दोन पुठ्ठे, पुठ्ठ्यांत टिपकागद, फुलं दाबताना घालता तसाच, आणि मधे तो कागद, सुरकुती न सुरकुती सरळ केलेला. सोबत तुमच्या दोन ओळी: हे हाताने लिहिलेलं दिसतंय, मला वाचता येत नाही, पण पाण्यात टाकायला हात धजावला नाही.

गौरीच्या सामानाची यादी होती ती. हळदकुंकू, नारळ, घावनाचं पीठ. "सूप मिळत नाही, ताट चालेल." आणि खाली, "तेरडा नदीवरचा, मुळासकट." आजाराने ती गौर आणायची राहून गेली होती. आईचं अक्षर शेवटी शेवटी कापरं झालं होतं, पण 'मुळासकट'खाली तिने जोरात रेघ मारली आहे, इतकी की कागद मागून उमटला आहे.

ताई, एक अक्षर कळत नसताना तुम्ही प्रत्येक घडी उलगडून पाहिलीत. शंभर पानांची रद्दी भिजत घालायला कितीसा वेळ लागतो? कुणी विचारणारही नव्हतं. त्या कंपनीकडे आईचं नाव मोठ्या अक्षरांत, दोनदा, लिहून दिलेलं होतं, तरी त्यांनी ते घालवलं. तुमच्याकडे तर नुसतं परक्या लिपीतलं गिचमिड होतं, आणि तुम्ही ते जपलंत. सभ्यपणा म्हणतात तो मला तरी आयुष्यात असाच भेटला आहे, नाव-गाव नसलेल्या कामात. आमच्या समोरचे आजोबा सगळी थंडी न सांगता आमच्या पायऱ्यांवर मीठ टाकत होते, आईचा पाय घसरू नये म्हणून. रिसेप्शनवरच्या बाईंनी आईचं नाव नीट म्हणायला शिकून घेतलं होतं. अशी माणसं आपल्याकडेही पुष्कळ आहेत, त्यांनाही कुणीतरी पत्र लिहायला हवं.

कार्डं तुम्ही सील अ ब्लोडायच्या आधी पोचती केलीत. ईस्टरच्या आधीच्या रविवारी इथे दक्षिण वेल्समध्ये माणसं आपापल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांची साफसफाई करून तिथे फुलं वाहतात. आमच्या आईच्या अस्थी वाशिष्ठीत गेल्या, इथे तिची जागा नाही. त्या रविवारी आम्ही दारोदार जाऊन कार्डं दिली. कागद किंचित करडा आला आहे आणि मधेच छापील मराठी अक्षरं डोकावतात. समोरच्या आजोबांच्या कार्डात अख्खा 'ळ' आला आहे. तो काय आहे, कसा म्हणायचा, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं आणि आता दिसलो की म्हणून दाखवतात.

त्यांच्या कुंडीत कार्डातलं क्लोव्हर आलं आहे. मेडोस्वीटचं बी एक थंडी खाल्ल्याशिवाय रुजायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, त्यामुळे ती कुंडी आम्ही कुणाला हलवू देत नाही.

सप्टेंबरात गौरी आहेत. यंदा त्या यादीप्रमाणे सगळं करायचं ठरवलं आहे. नदीकाठचा तेरडा उपटणाऱ्या स्वयंसेवकांना मी भेटून आले. त्यांच्या उपटलेल्या ढिगातला एक, फुललेला पण बोंडं न धरलेला, ते मला मुळासकट देणार आहेत. पूजा झाल्यावर मी तो त्यांनाच परत नेऊन देणार आहे, इथल्या पाण्यात सोडणार नाही. तुम्ही जेवायला या. घावन-घाटलं करणार आहे. तारीख लेक कळवेल.

तुमची ऋणी,
चिपळूणच्या आईची स्वान्झीतली लेक