नोंदणी नव्हे, पहारा

उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेतील ‘लिव्ह-इन’ नोंदणीच्या सक्तीचे समर्थन करणारा लेख वाचला. ही सक्ती स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहे, हा त्यातील दावा पटत नाही.

लग्नाविना एकत्र राहणाऱ्या स्त्रीला संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे आधीच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात ‘विवाहसदृश संबंधां’चा स्पष्ट समावेश आहे. त्यासाठी कोणत्याही कार्यालयात आधी नाव नोंदवावे लागत नाही; अन्याय झाला की दाद मागता येते. उत्तराखंडच्या कायद्याने मात्र नोंदणीची माहिती पोलीस ठाण्याकडे जाते, दोघांपैकी कोणी २१ वर्षांखालील असेल तर पालकांनाही कळवले जाते. नोंदणीविना महिन्याहून अधिक काळ एकत्र राहिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरच्यांच्या धाकाने बाहेर पडलेल्या मुलीचा ठावठिकाणा त्याच घरी पोहोचवणे, याला संरक्षण कसे म्हणायचे?

आणि हा प्रश्न केवळ तरुणांचा नाही. पुण्यात एकाकी ज्येष्ठांना ‘लिव्ह-इन’साठी जोडीदार मिळवून देण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. मुलांचा विरोध सोसून सत्तरीत सोबत शोधणाऱ्यांना पोलीस ठाण्याच्या दप्तरात नेऊ नये. महाराष्ट्रात असा कायदा आणण्याचा विचार झालाच, तर ही तरतूद त्यातून वगळावी.

– एक वाचक, पुणे