पेसमेकर बसवला, समजावला कोणी?

मा. संपादक, सा. न.

औशात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एका विहिरीवर स्टार्टर तपासताना डोळ्यांपुढं अंधारी आली. दवाखान्यात नाडी मोजली, मिनिटाला ३४. हार्ट ब्लॉक, म्हणजे काळजाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा इशारा खालच्या कप्प्यात पोचत नव्हता. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र विचारायचा, "किती टक्के ब्लॉकेज?" रक्तवाहिन्या साफ होत्या, बिघाड वायरिंगचा होता.

छातीत डाव्या बाजूला पेसमेकर, म्हणजे काळजाचे ठोके सांभाळणारी बॅटरीवरची छोटी डबी, बसला. सुट्टी देताना पेसमेकरच्या कंपनीचं नाव असलेलं एक इंग्रजी कार्ड दिलं आणि "जड उचलू नका" एवढं सांगितलं. घरी आल्यावर मंडळींनी मला महिनाभर मिक्सरच्या बटणाला हात लावू दिला नाही. आणि दुसऱ्या महिन्यात मी दुकानात वेल्डिंगचा होल्डर धरून बसलो, तेव्हा कोणीच अडवलं नाही!

पहिल्या तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या तंत्रज्ञानं नीट समजावून सांगितलं. तोवर मला वाटायचं की ही डबी सतत झटके देत राहते. खरं तर तिचं पहिलं काम ऐकण्याचं. शिरेतून काळजात सोडलेल्या तारेतून ती प्रत्येक ठोक्याची वीज टिपते. ही वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. ठोका आपला आपण पडला की डबी गप्प राहते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. माझी डबी मिनिटाला ६० ठोक्यांवर लावली आहे. म्हणजे सेकंदभरात ठोका आला नाही, तरच ती बारीकसा इशारा सोडते, जो मला जाणवतही नाही. चालायला लागलो की अंगाच्या हालचालीवरून वेगही वाढवते.

आता भीती कशाची बाळगायची ते कळलं. वेल्डिंगच्या केबलजवळचा विजेचा गोंगाट डबीला काळजाचा ठोका वाटू शकतो, आणि नेमकी गरज असताना ती गप्प राहू शकते. त्या दिवसापासून वेल्डिंग पोराकडं दिलं. मोबाईल वरच्या खिशात ठेवत नाही. टीव्ही, मिक्सर खुशाल वापरतो.

शेजारच्या गावच्या एका मावशींच्या पेसमेकरला ९ वर्षं झाली होती, तपासणी एकदाही नाही. त्यांना घेऊन गेलो तर कार्ड घरीच राहिलेलं. एका कंपनीचं तपासणी यंत्र दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरला चालत नाही, त्यामुळं हात हलवत परतलो. कार्ड सापडलं ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. दुसऱ्या खेपेला कळलं, बॅटरी संपत आलीय. ती चार्ज होत नाही, डबीच बदलावी लागते. मावशी ऑपरेशनला तयार होईनात. मग त्यांना स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. शरीरात पेसमेकर बसवलेला तो जगातला पहिला माणूस. १९५८ सालचा तो पेसमेकर काही तासांतच बंद पडला, पण पुढं वीसहून जास्त बदलून घेत ते ८६ वर्षं जगले. मावशींनी डबी बदलून घेतली.

माझी विनंती एवढीच, की सुट्टी देताना हे सगळं मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस सगळ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ यंत्रं घेऊन बसावेत. त्या कागदावर बोलायला अवघड वाटणारी एक गोष्टही असावी. माणूस गेल्यावर अग्नी देण्याआधी पेसमेकर डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, नाहीतर चितेत बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. गावाकडं हे कोणाला माहीत नाही. मी माझ्या मुलाला सांगून ठेवलंय.

— एक मोटार मेकॅनिक, औसा, जि. लातूर